साठीनंतरची ड्रायव्हर सीट

पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्याला पोहोचलं की गाडीच्या दाराला धरून जरा थांबावं लागतं, कंबर लगेच सरळ होत नाही. साठीच्या आसपासच्या पेशंटकडून हे नेहमी ऐकतो. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘डॉक्टर, सीटवर कुठली गादी टाकू?’

गादीचं नंतर बघू. आधी सीट नव्याने लावून घ्या. पस्तिशीत लावलेली सीट तीच राहिली, शरीर मात्र बदललं. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी वयानुसार कमी होतं आणि त्यांना हादरे पूर्वीसारखे झेलवत नाहीत. कुल्ल्यांचे स्नायू बारीक होतात, भार थेट हाडांवर येतो. मांडीमागच्या शिरा आखडल्या की माणूस नकळत पुढे घसरून, पोक काढून बसतो. त्यात आपला मुंबई-गोवा महामार्ग! पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या खड्ड्यांचा हिशेब तुमच्या कमरेकडे आहे.

मागचा खिसा रिकामा करा. पाकिटावर बसलं की कंबर एका बाजूला कलते. बूड पार मागे टेकवा. पाठ किंचित मागे रेललेली हवी, गुडघे कमरेच्या वर नकोत. सीटची कड आणि पोटरी यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. कमरेच्या खोलगट भागात छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा. जाड मऊ गादी मात्र टाळा. ती दबते, बैठक डळमळते, आरसे आणि पट्ट्याची जागाही बदलते.

मिनीडोर रिक्षावाल्यांची मला जास्त काळजी वाटते. शेजारी पॅसेंजर बसला की ड्रायव्हर अर्ध्या सीटवर, एका कुल्ल्यावर भार देऊन गाडी हाणतो. दिवसभर असं चाललं तर कुठलंही मलम पुरणार नाही. शेजारचा पॅसेंजर कमी करा, एवढंच सांगेन.

गणपतीच्या दिवसांत पेणहून मूर्ती नेणाऱ्या टेम्पोवाल्यांनो, पोहोचल्याबरोबर मूर्तीला हात घालू नका. बराच वेळ बसल्यावर पाठीचे सांधे सैल पडलेले असतात. पाच-दहा मिनिटं चाला, मग उचला. लांबच्या प्रवासात तासा-दीड तासाने उतराच. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडू नका.

मधुमेह असेल आणि पावलाला ब्रेकचा दाब नीट कळत नसेल, तर तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. कळ पायात उतरत असेल, पाऊल लुळं पडत असेल तर लगेच दाखवा. मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा, आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.