दहावीनंतरची वाट

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणावर काही लिहावे, असा विश्वस्तांचा निरोप आला. मोठमोठ्या सिद्धान्तांची चर्चा विद्वानांनी करावी. आम्ही शिक्षक आहोत, दरसाल निकालानंतर पालक जो प्रश्न घेऊन शाळेत येतात, तोच येथे घेतो : "सर, पोरगा दहावी पास झाला. आता त्याला कुठे घालू?"

प्रश्न योग्य आहे, पण तो एक वर्ष उशिरा येतो. निकालानंतर प्रवेशाला फार थोडे दिवस उरतात आणि त्या घाईत शेजारच्या मुलाने जे घेतले तेच घेतले जाते. हा विचार नववीतच सुरू व्हावयास हवा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

कारण पुष्कळांच्या बाबतीत दिशा बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच ठरते. गुजरातेत अकरावी विज्ञानात 'ए' गट गणिताचा आणि 'बी' गट जीवशास्त्राचा. पहिला अभियांत्रिकीकडे जातो, दुसरा वैद्यकाकडे. औषधनिर्माणाची वाट दोघांनाही मोकळी. वाणिज्य वा कला शाखा घेतल्यावर या वाटांवर परतणे फार कठीण. म्हणून "विज्ञान घेऊन ठेवू, पुढचे पुढे पाहू" असे पुष्कळ पालक म्हणतात. पण नववीच्या गणितानेच ज्याला घाम फुटतो, त्या मुलाला दोन वर्षे विज्ञानात कोंडून ठेवले, तर तो गुणही गमावतो आणि स्वतःवरचा विश्वासही.

दुसऱ्या वाटा कमी प्रतीच्या नाहीत. घरातला बिघडलेला पंखा उघडून पाहिल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, त्याने दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेचा विचार करावा. मजुरा गेटजवळील गांधी इंजिनिअरिंग कॉलेजात असे शिक्षण मिळते, आणि चांगले गुण असल्यास पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. लवकर हाताला काम हवे त्याला आय.टी.आय. आहे. हिशेबात डोके चालणाऱ्याला सुरतेसारखी पेठ नाही : सी.ए.ची नोंदणी दहावीनंतर करता येते आणि बारावी झाल्यावर कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तिच्या पहिल्या परीक्षेस बसू शकतो.

आता आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची खास अडचण. राज्यातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणाच्या प्रवेशासाठी जी गुजसेट परीक्षा होते, तिची प्रश्नपत्रिका गुजराती, हिंदी व इंग्रजी या तीनच भाषांत असते. नीट व जेईई मेन या परीक्षा मराठीतही होतात, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांसाठी असते. सुरतेत बसणाऱ्या मुलाला भाषा बदलावीच लागते. याला भिण्याचे कारण नाही. मात्र तयारी नववीपासून हवी. एका वहीत तीन रकाने आखावेत : मराठी, गुजराती, इंग्रजी. प्रवेग व घनता हे शब्द मराठी-गुजरातीत एकच आहेत. आपली 'पेशी' मात्र गुजरातीत 'कोष' आणि इंग्रजीत 'सेल' होते. रोज पाच शब्द लिहिले, तरी दोन वर्षांत कोणत्याही भाषेतला प्रश्न परका वाटणार नाही.

मुलाची ओढ पाहावी हे खरे, पण घरची चूलही पाहावी. कवी नर्मद याच सुरतेचे. त्यांनी 1858 साली शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. त्यांनी अमोल ग्रंथरचना केली, पण कर्ज व ओढग्रस्तही सोसली, आणि 1882 साली त्यांना पुन्हा नोकरी धरावी लागली. आज दक्षिण गुजरातच्या विद्यापीठास त्यांचेच नाव आहे. ओढ सोडू नये. परंतु तिच्या जोडीला पोटाची सोयही असावी, हा धडा आम्ही यातून घेतो.

सोयींची वाण आता पूर्वीइतकी नाही. 1918 साली सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढले, तोवर सुरतेच्या मुलाला त्यासाठी परगाव गाठावे लागे. पुढे 1961 साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (आजचे एस.व्ही.एन.आय.टी.), 1964 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि 1967 साली विद्यापीठ झाले. उधना, लिंबायत वा डिंडोलीहून ही सर्व ठिकाणे रोज जाऊन-येऊन करण्याजोगी आहेत.

तरीही मुले गळतात, ती पैशापायी. लूमवर आणखी दोन हात लागले तर घरात पगार येतो, हा मोह आम्हांस कळतो; त्यासाठी कोणा बापाला दोष देणे आम्हांस मान्य नाही. पण मदत कोठे आहे हे माहीत असावे. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत, वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असलेल्या घरातील 80 वा अधिक पर्सेंटाइल मिळविणाऱ्या मुलामुलींस पदविका व पदवीच्या फीसाठी साहाय्य मिळते. 2024 साली निघालेल्या नमो लक्ष्मी योजनेत नववी ते बारावीच्या पात्र मुलींना चार वर्षांत मिळून 50,000 रुपये मिळतात. "दहावी झाली, आता पुरे" असे मुलीला सांगण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. आणि ज्याला कमावलेच पाहिजे, त्याला इग्नू व आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे. काम करीत पदवी घेता येते.

शेवटी न्यासाला एक विनंती. गुणवंतांचा सत्कार आपण करावाच. पण त्याच्या जोडीने दरवर्षी दिवाळीनंतर नववीच्या मुलांची व त्यांच्या आईवडिलांची एक बैठक घ्यावी. न्यासाच्या कुटुंबांतील पदविकाधारक, परिचारिका, लेखापाल, कारागीर यांनी तेथे आपापल्या कामाची खरी माहिती सांगावी : शिक्षण किती वर्षांचे, खर्च किती, पहिला पगार किती. जुनी पुस्तके गोळा करावीत आणि प्रवेशाचे अर्ज भरताना मुलांजवळ बसणारे दोन-तीन जाणते तरुण नेमावेत. याला फार द्रव्य लागत नाही, वेळ लागतो.

सत्कार पहिल्या पाचांचा होतो. वाट मात्र पन्नासाव्यालाही सापडली पाहिजे. न्यासाच्या पुढील वर्षांत एवढे साधो, हीच आमची दुवा.