आधी वही बघ, मग स्क्रीन बनव

काल फोनवर तुझा आवाज फार थकलेला वाटला गं. चार देशांतल्या ऑफिसांची माहिती एका यंत्रणेत आणायचं काम तुझ्यावर आलंय आणि जो तो म्हणतोय, आमचीच पद्धत ठेवा. तेव्हा मजूर बागेत आले होते, नीट बोलता आलं नाही. आता निवांत सांगते.

तुला वाटेल, नारायणगावच्या द्राक्षबागेतल्या ताईला यातलं काय कळणार? अगं, आपली द्राक्षं युरोपला जातात तीही अशाच यंत्रणेतून. तिकडे 1 जानेवारी 2005 पासून कायदाच आहे: माल कुणाकडून घेतला, कुणाला दिला, हे प्रत्येक व्यापाऱ्याला दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी आपल्याकडे शेतमालाच्या निर्यातीचं बघणाऱ्या अपेडानं 'ग्रेपनेट' ही यंत्रणा उभी केली. बागेची नोंदणी कृषी खात्याकडे, नमुना प्रयोगशाळेकडे, माल पॅकहाऊसला, तिथून निर्यातदाराकडे. यातलं कुणी कुणाच्या हाताखाली नाही. तरी गाडं चालतं, कारण प्लॉटचा नोंदणी क्रमांक सगळीकडे तोच असतो.

तो क्रमांक बागेतच घसरला की काय होतं, ते मी भोगलंय. आपल्या ओढ्याकडच्या आणि विहिरीवरच्या तुकड्यांची नोंदणी वेगवेगळी. मजूर मात्र दोन्हींना 'खालची बाग' म्हणायचे. एका तोडणीला क्रेट एकत्र झाले. एका प्लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल आलेला, दुसऱ्याचा यायचा होता. पॅकहाऊसवरच्या मुलीनं चिठ्ठ्या बघून गाडी थांबवली. ते बरोबरच होतं. सगळा माल मिळेल त्या भावानं इथंच विकावा लागला. दोन्ही तुकड्यांना मजूर काय म्हणतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता दोन्हीकडे पहिल्या ओळीच्या डांबाला क्रमांकाची पत्र्याची पाटी आहे, आणि फवारणीच्या वहीत क्रमांकाशेजारी मजुरांच्या तोंडातलं नावही लिहिते.

म्हणून सांगते, सगळ्यांना एकाच साच्यात कोंबू नकोस. एकच काय असलं पाहिजे, तेवढं आधी ठरव. आपल्या जवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण आठवते ना? 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, टोकाची अंतरं 25 किलोमीटरपर्यंत. कुठली शेताच्या कडेला, कुठली माळावर. पण सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरनं एका जागी येतात आणि एकाच वेळेच्या हिशेबानं जुळवले जातात, तेव्हाच ती एक दुर्बीण होते. जगभरातले शास्त्रज्ञ ती वापरतात. तुझ्या कंपनीतही ग्राहकाचा क्रमांक, मालाचा क्रमांक, तारीख लिहायची रीत एकच ठेव, आणि त्यावर अडून बस. बाकी कामाची भाषा, क्रम, सवयी ज्याच्या त्याला ठेवू दे. माझी वही मराठीतच आहे, त्यानं युरोपचं काही अडलेलं नाही.

दुसरं, यंत्रणा चोख चालली म्हणून निर्धास्त राहू नकोस. 2010 चा हंगाम आठव. वेलीची वाढ आवरायला आपल्याकडे सीसीसी मारायचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. तेव्हा युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. निर्यातीआधी ज्या औषधांचे अंश तपासायचे त्यांच्या यादीत हे औषधच नव्हतं. कागद सगळे बरोबर, आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकून पडले. वर्षभर राबलेल्या घरांचे पैसे बुडाले गं. जे तपासायला कुणी सांगितलंच नाही, ते यंत्रणेला कुठून दिसणार? म्हणून दर हंगामाआधी सगळ्यांना बसवून विचार: कायदा कुठं बदलला, गिऱ्हाईक नवीन काय मागतंय, आपण काय मोजायचं राहिलंय? ही बैठक कॉम्प्युटरवाल्यांवर सोडू नकोस. धंदा कुठं न्यायचा हे ठरवणारी माणसं तिथं हवीत.

आणि सगळ्यात जवळचं शेवटी सांगते. फवारणी झाली की मी त्याच संध्याकाळी लिहिते: तारीख, औषध, प्रमाण, किती पाणी, कशासाठी मारलं. हात धुतले तरी वहीच्या पानावर औषधाची निळसर बोटं उठतातच. एवढं का लिहिते? तोडणी कधी धरायची, हे त्याच नोंदीवरून ठरतं. औषध मारल्यापासून किती दिवस झाले हे मलाच मोजायचं असतं. प्रयोगशाळेचा अहवालही मलाच परत मिळतो. ज्याच्याकडून नुसतं भरूनच घेतात आणि परत काही देत नाहीत, तो आठवड्याचं एकदम बसून अंदाजानं भरतो. मग वर कितीही रंगीत आलेख काढ, खाली अंदाजच असतो.

तेव्हा साहेबांपुढं आराखडा मांडायच्या आधी गोदामात जा. पहिली नोंद करणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बस. त्याची वही, त्याच्या खुणा, त्याचे शब्द बघ. यातून तुला काय परत मिळालं तर बरं होईल, असं त्याला विचार, आणि जे सांगेल ते आराखड्यात सगळ्यात वर लिही. वरच्यांनी नाक मुरडलं तरी ती ओळ खोडू नकोस.

आज लवकर झोप. आणि गोदामातून आलीस की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.