'वास्ता' आणि 'वशिला' : अरबी व्यापारसंस्कृतीतील मध्यस्थ व मराठी शब्दसृष्टी

अरब देशांतील उद्योगव्यवहारावर लिहिल्या गेलेल्या पाश्चात्त्य ग्रंथांत एक शब्द बहुधा अनुवादाविना वावरताना दिसतो. तो शब्द म्हणजे 'वास्ता'. ग्रांथिक अरबीत 'वासिता' असे रूप असलेला हा शब्द 'मध्य' या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झाला असून, दोन पक्षांच्या मधोमध उभा राहणारा माणूस आणि त्याने केलेली मध्यस्थी, असे दोन्ही अर्थ त्यात सामावतात. नोकरी, परवाना, कंत्राट, थकलेले येणे, फार काय, दोन घराण्यांतील वैर, यांपैकी कोणतेही काम कागदाआधी माणसामार्फत हलते, ही वस्तुस्थिती तो सांगतो. कनिंगहॅम व सरायरा यांनी १९९३ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वास्त्याचे दोन प्रकार वेगळे केले : तंटा मिटविणारी मध्यस्थी आणि लाभ मिळवून देणारी रदबदली.

शब्द अनुवादाविना ठेवला की ती वस्तू त्या समाजापुरतीच असावी, असा वाचकाचा ग्रह होतो. चंडीगढच्या वाचकाला मात्र हा शब्द परका वाटू नये. अगतिक माणूस पंजाबीत 'रब्ब दा वास्ता' घालतो, तेव्हा तो ईश्वरालाच मध्यस्थ म्हणून उभा करीत असतो. मराठीने याच्या जोडीचा दुसरा अरबी शब्द फारसीमार्गे घेतला. तो म्हणजे 'वशिला'. मुळात 'वसीला' म्हणजे जवळ पोचण्याचे साधन. कुराणात तो ईश्वराच्या सान्निध्यासंबंधी आला आहे. मराठीत हाच शब्द कचेरीच्या मागल्या दारापर्यंत येऊन पोचला. हा अर्थपालट कसा झाला, हा येथील प्रश्न आहे.

मराठी मुलखाचा अरबी व्यापाऱ्यांशी संबंध फारसी दफ्तरांहून पुष्कळ जुना आहे. अल्-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्ये सैमूर येथे, म्हणजे कोकणातील चौल बंदरी आला होता. सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या आणि येथेच जन्मलेल्या अशा सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती तेथे असल्याचे तो नमूद करतो. त्यांच्यातीलच एका प्रमुखाची राजा नेमणूक करी. त्याला 'हुनरमन' म्हणत, आणि त्या समाजाचे तंटे त्याच्यापुढे येत. परक्या बंदरात व्यापाऱ्याची पत कोण ओळखणार, या अडचणीला शोधलेले हे उत्तर होते. राजाला उत्तरदायी आणि जातभाईंना परिचित असा एक माणूस मध्ये ठेवावयाचा.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा राष्ट्रकूट ताम्रपट याहूनही बोलका आहे. त्यात संयान (संजाण) मंडलाचा अधिपती म्हणून मधुमती या ताजिकाचा उल्लेख येतो. 'ताजिक' म्हणजे अरब आणि 'मधुमती' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप. कृष्ण दुसरा याने त्याला हे मंडल दिले होते. त्याने नदीवर विनामूल्य तरी सुरू केली, अन्नसत्र घातले आणि देवीच्या मठिकेला जमीन देण्याच्या कामीही तो सहभागी झाला. ताम्रपटात येथे मध्यस्थाची प्रतिष्ठा कोरलेली आहे. त्याचे नाव, त्याचा अधिकार आणि त्याचे कर्तव्य या तिन्ही गोष्टी उघड आहेत.

पुढे सल्तनतींच्या काळात अरबी शब्दांचा मोठा ओघ फारसीच्या द्वारे मराठीत आला. रघुनाथपंत हणमंते यांच्या 'राज्यव्यवहारकोशा'च्या दहा वर्गांपैकी शेवटचा पण्यवर्ग व्यापाराला दिलेला आहे. परकीय शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो प्रयत्न होता. तरीही व्यापाराच्या मराठीतून अरबी शब्द हटले नाहीत. माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' चाळला तर त्यांचा पसारा ध्यानात येतो.

या शब्दांत दोन कुळे स्पष्ट दिसतात. जमा, वसूल, कर्ज, नफा, मुदत हे पैशाचे शब्द. शतके लोटली तरी त्यांचा रंग बदललेला नाही. दुसरे कूळ माणसांचे व माणसांतील नात्यांचे : जामीन, वकील, दलाल, हवाला, वशिला. येथे मात्र नशिबे भिन्न झाली. 'जामीन' आणि 'वकील' यांची प्रतिष्ठा टिकली. 'दलाल' म्हणजे मुळात वाट दाखविणारा. रोखेबाजारात तो सभ्य राहिला, बाजाराबाहेर शिवी झाला. सर्वांत उद्बोधक जोडी 'हवालदार' आणि 'हवाला' यांची आहे. दोहोंच्या मुळाशी सोपवणूक हीच कल्पना आहे. ज्याच्याकडे काही सोपविले आहे असे सरकारला ठाऊक असते, तो हवालदार. इस्लामी विधिशास्त्रात 'हवाला' हा ऋण दुसऱ्यावर सोपविण्याचा रीतसर व्यवहार होता. आज मराठी वृत्तपत्रांत मात्र तो चोरट्या पैशाचा पर्याय बनला आहे.

यावरून एक अनुमान निघते. मध्यस्थाने कोणाला उत्तर द्यावयाचे हे जेथे ठरलेले व जाहीर राहिले, तेथे शब्दाचा मान राहिला. जेथे ते दोघांच्या कानातच उरले, तेथे शब्द घसरला. जामीन राहणारा माणूस ऋणको पळाल्यास स्वतः भरतो. वशिला लावणारा काही गमावतो की नाही, हे तिसऱ्याला कळत नाही. ज्याचा वशिला नाही तो तिसरा माणूस दाराबाहेर उभा असतो, आणि 'वशिला' या शब्दातील कडवटपणा त्याचा आहे.

अरबी व्यवहारातील वास्त्याचे समर्थन होते ते नेमके याच ठिकाणी. जुन्या रीतीप्रमाणे मध्यस्थ आपली अब्रू तारण ठेवतो. त्याने आणलेला माणूस नालायक ठरला तर पुढच्या वेळी त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. आखातातील घराण्यांच्या पेढ्यांत सायंकाळी भरणारी 'मजलिस' हे या पतीचे मोजमाप घेण्याचे स्थान होय. तेथे घराण्याचा प्रमुख अर्जदाराचे ऐकतो, आप्तांचा सल्ला घेतो आणि निर्णय स्वतः देतो. सर्वांदेखत टाकलेला शब्द सर्वांच्या स्मरणात राहतो. मराठीत 'शब्द टाकणे', 'भीड पडणे', 'भिडेखातर करणे' हे वाक्प्रचार याच अर्थव्यवहाराचे आहेत. 'भीड' तर विनंती ऐकणाऱ्याच्या मनावर पडणारे ओझे नेमके दाखविते. मात्र संस्था मोठी झाली, माणसे अनोळखी झाली, की अब्रूचे हे तारण वसूल करणारे कोणी राहत नाही आणि रदबदली तेवढी शिल्लक उरते.

परंतु जबाबदारी कायद्यात लिहिली की मध्यस्थ शुद्ध होतो, असेही नाही. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर रत्नागिरी-रायगडकडील पुष्कळ माणसे आखातात गेली. आधी गेलेला मेहुणा किंवा गाववाला मागून येणाऱ्यासाठी मालकापाशी शब्द टाकी. भरती करणाऱ्या एजंटांना नोंदणीची सक्ती करणारा कायदा भारतात १९८३ साली झाला. तिकडे पोचल्यावर मात्र गाठ पडे ती 'कफील' या पुरस्कर्त्याशी. 'कफाला' हाही विधिशास्त्रातील जुना शब्द. त्यात कफील ऋणकोच्या वतीने धनकोला उत्तरदायी असतो, म्हणजे दुर्बळाला आधार देतो. आखातातील आधुनिक पद्धतीत तो कामगारासंबंधी शासनाला उत्तरदायी झाला, आणि त्याच्या संमतीवाचून कामगाराला नोकरी बदलता येईना. कतारने २०२० मध्ये व सौदी अरेबियाने २०२१ मध्ये हे बंधन सैल केले. येथे सर्व काही लिखित होते, तरीही शब्दाची प्रतिष्ठा गेली. तेव्हा वरील अनुमानाला दुरुस्ती हवी. मध्यस्थ उत्तरदायी असणे पुरेसे नाही. ज्याच्यासाठी तो मध्ये उभा राहिला, त्यालाही त्याच्याकडे उत्तर मागता आले पाहिजे.

अनुवादकाच्या दृष्टीने या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व आहे. अरबी कथा-कादंबरीत 'वास्ता' आला की 'वशिला' हा पर्याय लेखणीवर प्रथम येतो. तो चुकीचा नाही, पण तो दाराबाहेरच्या माणसाचा शब्द आहे. त्याने पात्राचा न्याय आधीच होऊन जातो. वृद्ध काका दोन भावांतील वाटणीचा वाद मिटवीत असेल तर 'मध्यस्थी', पुतण्यासाठी अधिकाऱ्याकडे जात असेल तर 'शब्द टाकणे', आणि डावललेला उमेदवार बोलत असेल तरच 'वशिला' योग्य ठरेल. अरबीत एकच शब्द या तिघांच्या तोंडी असतो, आणि त्याच संदिग्धतेवर पुष्कळदा प्रसंगाचा ताण उभा असतो. मराठीत ती संदिग्धता एका शब्दात मावत नाही, म्हणून कोण कोणाशी बोलत आहे हे पाहूनच शब्द निवडावा लागतो.