घरोघरची तालीम

मुलांनो, निवेदकाचे काम मोठे विलक्षण असते. सभेतील वक्त्याला श्रोत्यांचे चेहरे दिसतात. वर्गात शिकविणाऱ्या गुरुजींना कोणाचे लक्ष आहे आणि कोणाचे नाही, हे तत्काळ कळते. परंतु कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या निवेदकाला आपले प्रेक्षक दिसतच नाहीत. अशा अदृश्य लोकांना बातमी सांगणे किंवा गाणे ऐकविणे त्या मानाने सोपे. पण त्यांना बसल्या जागेवरून उठवून व्यायाम करावयास लावणे हे फार कठीण काम होय. अमेरिकेतील जॅक ललेन ह्यांनी ते दूरचित्रवाणीवरून तब्बल ३४ वर्षे केले.

जॅक ललेन ह्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९१४ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरी झाला. त्यांचे आईवडील फ्रान्समधून येऊन अमेरिकेत स्थायिक झाले होते. पुढे ज्याच्या बळाची कीर्ती देशभर पसरली, तो हा मुलगा लहानपणी मात्र रोगट व चिडखोर होता. गोड खाण्याचे त्याला विलक्षण वेड होते. त्याचे डोके वरचेवर दुखे, अंगावर पुटकुळ्या येत आणि संतापाच्या भरात तो घरच्या माणसांवरही धावून जाई. त्याची शाळाही काही काळ सुटली.

जॅक पंधरा वर्षांचा असताना आई त्याला पॉल ब्रॅग ह्यांच्या आहारविषयक व्याख्यानास घेऊन गेली. पोहोचण्यास उशीर झाला. सभागृह भरून गेले होते. मायलेक परत फिरणार, इतक्यात व्याख्यात्यांनी त्यांना बोलावून चक्क व्यासपीठावर बसविले! इतक्या लोकांसमोर बसताना जॅक शरमून गेला. पण त्या दिवशी ऐकलेली एक गोष्ट त्याच्या मनात खोल रुजली. आपण जे खातो त्यातूनच आपले शरीर घडते, आणि हेळसांडीने बिघडलेले शरीर प्रयत्नाने सुधारताही येते, ही ती गोष्ट. जॅकने गोड पदार्थ सोडले आणि बर्कली येथील व्यायामशाळेत तो नियमाने जाऊ लागला. शरीराची रचना कशी असते, कोणता स्नायू काय काम करतो, ह्याचाही त्याने कसून अभ्यास केला.

इ. स. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ओकलंड येथे स्वतःची व्यायामशाळा उघडली. त्या काळी व्यायाम हा मल्लांचा व खेळाडूंचाच विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती. वजने उचलल्याने हृदय बिघडेल, खेळाडूंचे अंग ताठून जाईल, स्त्रिया पुरुषांसारख्या दिसू लागतील, असे कित्येक डॉक्टरही सांगत. ललेन ह्यांनी ह्या विरोधाने खचून न जाता वृद्धांना व स्त्रियांनाही व्यायामाचे धडे देण्यास आरंभ केला. स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम प्रौढांनी आणि वृद्धांनीही करावा, असे आज वैद्यकशास्त्रच सांगते.

परंतु व्यायामशाळेत येणार किती जण? ज्या गृहिणीला मुलाबाळांना सोडून बाहेर पडता येत नाही, ज्या वृद्धाला जिना उतरवत नाही, त्यांनी काय करावे? लोक तालमीत येऊ शकत नसतील, तर तालीमच त्यांच्या घरी गेली पाहिजे, आणि त्यासाठी दूरचित्रवाणीसारखे दुसरे साधन नव्हते. इ. स. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका केंद्रावरून ललेन ह्यांचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळच्या बातम्या आणि पाककृतींचा कार्यक्रम ह्यांच्यामधील ती वेळ होती. प्रारंभी तिचा खर्च त्यांनी स्वतःच सोसला. ह्यात आपल्या व्यायामशाळेची प्रसिद्धी करण्याचा हेतूही होताच; पण लोकांचे हित आणि स्वतःचा व्यवसाय ह्यांचा मेळ त्यांनी उत्तम घातला. इ. स. १९५९ पासून हा कार्यक्रम देशभर दिसू लागला आणि तो १९८५ पर्यंत चालला.

ह्या कार्यक्रमात महागडी उपकरणे नसत. प्रत्येकाच्या घरी असणारी साधी खुर्ची हेच ललेन ह्यांचे मुख्य साधन. खुर्चीला धरून पाय कसा उचलावा, खुर्चीवर बसल्याबसल्या पाठ कशी ताणावी, हे ते करून दाखवीत. त्यांनी एक गमतीची युक्तीही योजली होती. ‘हॅपी’ नावाचा त्यांचा पांढरा शुभ्र कुत्रा कार्यक्रमात येई. त्याला पाहण्यासाठी मुले पडद्यासमोर जमली, की ललेन त्यांना सांगत, ‘‘जा, आईला बोलावून आणा!’’ मुले धावत जात आणि आईला हाताला धरून घेऊन येत. अशा रीतीने कितीतरी मातांना व्यायामाची गोडी त्यांच्या मुलांनीच लावली.

लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला ह्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. ते नुसते सांगत नसत. प्रेक्षकांबरोबर स्वतः व्यायाम करीत. इ. स. १९५६ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्यांनी आपल्याकडील जोरांसारखा ‘पुशअप’ हा प्रकार २३ मिनिटांत १,०३३ वेळा करून दाखविला. इ. स. १९८४ मध्ये, सत्तराव्या वर्षी, हातापायांत बेड्या घालून आणि सत्तर माणसे बसलेल्या सत्तर नौका मागे ओढीत ते लाँग बीचच्या बंदरात पोहले! असली धाडसे तुम्ही मुळीच करू नयेत. त्यांच्यामागे अर्धशतकाची साधना होती. म्हातारपण आले तरी शरीर निकामी होत नाही, हे त्यांना जगाला पटवून द्यावयाचे होते.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. व्यायाम करणे आपल्याला आवडत नाही, त्याचे फळ आवडते, असे ललेन स्वतःच सांगत. तरीही उतारवयातसुद्धा ते रोज सकाळी सुमारे दोन तास व्यायाम करीत. आवड असेल तेव्हाच काम करणारे पुष्कळ असतात. कंटाळा आला असतानाही ठरलेल्या वेळी उठणारा विरळा. २३ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तुमच्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगमेहनतीचे खेळ किंवा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. त्यासाठी मोठी व्यायामशाळा नको. घरातील मोकळी जागा, अंगण किंवा शाळेचे मैदान पुरेसे आहे. उणीव असते ती नेमाची. आणि तुम्ही नेमाने व्यायाम करू लागलात, तर घरातील मोठ्यांनाही हाताला धरून घेऊन या.

स्वाध्याय

१. जॅक लहानपणी कसा होता? त्याच्यात बदल कशामुळे झाला?
२. गृहिणींपर्यंत पोहोचण्यासाठी ललेन ह्यांनी कोणती युक्ती योजली?
३. ‘आवडत नसलेले चांगले काम नेमाने करणे’ ह्याविषयी तुमच्या अनुभवातील एक उदाहरण आठ-दहा ओळींत लिहा.