दुभत्या जनावरांची दगडी व प्रतिजैविक औषधांचा वापर

कासेस सूज येणे, कास हातास गरम व कठीण लागणे, दुधात गुठळ्या किंवा रक्ताची छटा दिसणे, आणि धार काढावयास बसताच जनावराने लाथ झाडणे ही कासदाहाची लक्षणे होत. खेडोपाडी या रोगास दगडी म्हणतात व ते नाव यथार्थ आहे; कारण वेळीच उपचार न झाल्यास कासेचा रोगट भाग दगडासारखा घट्ट होतो आणि ते सड कायमचे निकामी होते. विण्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत या रोगाचा धोका विशेष असतो. हा रोग बहुधा सडाच्या छिद्रातून आत शिरणाऱ्या जंतूंमुळे होत असल्याने त्यावर प्रतिजैविक औषधे देण्यात येतात. ती योग्य प्रकारे दिल्यास गुण येतो. परंतु ती अविचाराने दिल्यास जनावर, दूध पिणारी माणसे व पशुपालक या तिघांचेही नुकसान होते.

प्रतिजैविकांपैकी सर्वांच्या परिचयाचे पेनिसिलिन होय. त्याचा शोध 1928 मध्ये लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लागला. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व हे औषध देशातच तयार होऊ लागले. पुरेशा मात्रेपेक्षा कमी औषध दिल्यास जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधास सरावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी केलेल्या व्याख्यानात दिला होता. आज नेमके तेच होत आहे. औषधास दाद न देणारे जंतू गोठ्यात निर्माण झाले म्हणजे ते गोठ्यातच राहत नाहीत. धार काढणाऱ्याच्या हातांवाटे, शेणावाटे व कच्च्या दुधावाटे ते घरात येतात. जनावरांना दिली जाणारी अनेक प्रतिजैविके व माणसांची औषधे एकाच कुळातील आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. याच कारणास्तव माणसांच्या दुर्धर रोगांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कॉलिस्टिन हे औषध दुधा-मांसासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या व मासे यांना देण्यासाठी तयार करण्यास व विकण्यास केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये बंदी घातली.

कासेची प्रत्येक सूज म्हणजे दगडी नव्हे. विण्याच्या सुमारास कासेस पाणसूज येते व ती बहुधा आपोआप उतरते. लाळ्या-खुरकूत व लम्पी हे रोग विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. अशा रोगांत जखमा चिघळल्यास प्रतिजैविक द्यावे की नाही, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवावयाचे असते. शेजाऱ्याच्या म्हशीस लागू पडलेल्या औषधाची रिकामी नळी दुकानात दाखवून तसेच औषध आणण्याची रीत अनेक गावी आढळते. ती सर्वथा सोडून द्यावयास पाहिजे. एका म्हशीच्या कासेत जे जंतू असतात तेच दुसरीच्या कासेत असतील असे नाही, आणि औषध तर जंतू पाहून ठरते. प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. त्यांतील कित्येकांच्या विक्रीची नोंद 1 मार्च 2014 पासून दुकानदारास वेगळ्या वहीत ठेवावी लागते. घरातील माणसांच्या उरलेल्या गोळ्या गाई-म्हशींना चारणे तर दुहेरी चूक होय, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा पचविणारे उपयुक्त जंतू अशा औषधाने मरतात व जनावर चारा सोडते.

पशुवैद्याने जितके दिवस व जितक्या वेळा औषध सांगितले असेल तितके ते पुरे करावे. दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसू लागले म्हणजे रोग गेला असे समजून उरलेली नळी पुढच्या वेळेसाठी फळीवर ठेवून देण्यात येते. वस्तुतः गुठळ्या नाहीशा झाल्या तरी कासेच्या आत जंतू जिवंत असू शकतात. तीन दिवसांत फरक न दिसल्यास मात्र आपल्या मनाने औषध न बदलता पुन्हा पशुवैद्यास बोलवावे. जनावर चारा खात नसेल, अंगात ताप असेल किंवा ते बसून राहत असेल, तर तीन दिवस थांबण्याचेही कारण नाही; त्याच दिवशी दवाखान्यास कळवावे.

सडात नळी सोडण्याचे काम पशुपालकाकडे सोपविले असल्यास स्वच्छतेकडे फार लक्ष द्यावे लागते. प्रथम रोगट सडातील दूध पूर्ण काढून टाकावे. नंतर सड धुऊन कोरडे करावे व त्याचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने, बोळा स्वच्छ निघेपर्यंत, पुसावे. नळीचे तोंड अगदी थोडेच आत सारावे. एकच नळी दोन सडांना कधीही वापरू नये. घाणेरड्या हाताने सोडलेल्या औषधाबरोबर बुरशी आत गेल्यास असा कासदाह होतो की ज्यावर प्रतिजैविकांचा उपयोगच नसतो.

आता दुधाचा प्रश्न. पशुपालकास सर्वांत जड जाणारा भाग हाच आहे. औषधाचा अंश दुधात काही दिवस उतरत राहतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि दूध उकळल्याने तो नाहीसा होईल असा भरवसा धरता येत नाही. एका लहान मुलास पेनिसिलिनचे वावडे असल्यास अशा दुधाने त्याच्या अंगावर गांधी उठू शकतात. अशा दुधाचे दहीही नीट लागत नाही, कारण विरजणातील जंतू औषधाने दबतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार एक किलो दुधात पेनिसिलिनचे प्रमाण 4 मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे ते हिशेबाने पाहावे. 100 मिलिग्रॅम पेनिसिलिन दुधात उतरले, तर ते या मर्यादेत आणण्यासाठी 25,000 किलो शुद्ध दूध त्यात मिसळावे लागेल. यावरून एका गोठ्यातील चरवीभर दूध संपूर्ण गावाचे संकलन कसे बिघडवू शकते, हे ध्यानात येईल.

म्हणून औषधाच्या वेष्टणावर शेवटच्या मात्रेनंतर दूध किती काळ वर्ज्य करावे ते पाहून तो काळ कटाक्षाने पाळावा. वेष्टणावर असा काळ दिलेला नसल्यास, 2012 च्या नियमाप्रमाणे दुधासाठी तो किमान 7 दिवसांचा धरावयाचा असतो. औषध एकाच सडात सोडले असले तरी चारही सडांचे दूध वर्ज्य होय, कारण औषध रक्तात मिसळून इतर सडांतही उतरते. याविषयी बऱ्याच जाणत्या पशुपालकांचाही गैरसमज आढळतो. दररोज 8 लिटर दूध देणाऱ्या गाईस तीन दिवस औषध दिले व पुढे चार दिवस दूध वर्ज्य केले, तर 56 लिटर दूध जाते. हे नुकसान थोडे नाही, आणि ते थोडे आहे असे पशुपालकास सांगणेही योग्य नव्हे. हे दूध वासरांना पाजू नये, तसेच गोठ्यात सांडू नये. विहिरीपासून दूर खड्ड्यात ओतून वर माती लोटावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. औषध चालू असलेल्या जनावराच्या मागल्या पायास लाल फडके बांधावे, म्हणजे घरातील दुसरे कोणी धार काढावयास बसले तरी चूक होणार नाही. कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, औषधाचे नाव व शेवटच्या मात्रेची तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवावी आणि दूध संस्थेच्या सचिवास तसे कळवावे. संस्थेने अशा सभासदास दोष न देता त्याचे दूध तेवढे दिवस न घेण्याची व्यवस्था केल्यास तो लपवाछपवी करणार नाही.

हा सर्व खर्च टाळण्याचा मार्ग गोठ्यातच आहे. धार काढण्यापूर्वी हात व सड धुऊन कोरडे करावेत. अंगठा मुडपून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढावी. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या रंगाच्या भांड्यात घेऊन गुठळ्या आहेत का ते पाहावे. धार झाल्यावर सड आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवावे आणि जनावरापुढे वैरण टाकावी, म्हणजे सडाचे छिद्र मिटेपर्यंत सुमारे अर्धा तास ते उभे राहील. रोगट जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी.

एकाच सडास वारंवार दगडी होत असल्यास, औषध सुरू करण्यापूर्वीच दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवावा. औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत व तपासणी व्यर्थ जाते. जनावर आटविताना सडात सोडावयाच्या नळ्या वेगळ्या असतात आणि त्यांचा अंश अनेक आठवडे टिकतो. त्या दुभत्या जनावरास वापरू नयेत.