चौपाटीपर्यंतची शर्यत



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

सहाव्या अध्यायात इथवर येईपर्यंत भगवंतांनी ध्यानाची सगळी तयारी सांगून झालेली आहे. आसन कसं असावं, आहार किती, झोप किती, मन भटकलं तर काय करायचं. त्यावर अर्जुन म्हणतो, हे मन म्हणजे वारा आहे, आवरता आवरत नाही. भगवंत त्याला दोन उपाय देतात, अभ्यास आणि वैराग्य. आपण असतो तर एवढ्यावर मान डोलावून उठलो असतो. अर्जुन उठत नाही. ३७ व्या श्लोकात तो असा प्रश्न विचारतो जो आपल्या सगळ्यांच्या मनात असतो, पण ओठांवर येत नाही. श्रद्धा आहे, सुरुवातही केली, पण मध्येच गाडी अडली, तर त्या माणसाचं काय होतं?

पुढच्याच श्लोकात तो फाटलेल्या ढगाचा दृष्टान्त देतो. मोठ्या ढगापासून तुटलेला तुकडा. मागे जाता येत नाही, पुढे पोचत नाही, मधल्या मध्ये विरून जातो. संसारातली मजा पण सोडली आणि योगही साधला नाही, असा दोन्हीकडून गेलेला माणूस.

हा ढग मी पाहिलाय. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, गिरगाव चौपाटीसमोरच्या फुटपाथवर. तो मीच होतो.

पहिली लांब शर्यत

मुंबई मॅरेथॉनमधली हाफ, म्हणजे २१.१ किलोमीटर. त्याआधी एक १० किलोमीटरची शर्यत पळालो होतो, तेवढीच पुंजी. ऑफिसातल्या ग्रुपबरोबर नाव नोंदवलं, मोबाइलवर १२ आठवड्यांचा प्लॅन घेतला. त्याच सुमारास रोज पहाटे गीतेचे थोडे श्लोक वाचायचा नेमही धरला होता. पाचचा एकच अलार्म, आधी वाचन, मग पळणं.

पहिले सहा-सात आठवडे दोन्ही मस्त चाललं. मग रिलीज आलं. वाचन कसंबसं टिकलं, पण आठवड्यातून एकदा करायचा लांब सराव बुडायला लागला. प्लॅनप्रमाणे १८ किलोमीटरपर्यंत जायचं होतं, मी १३ वरच अडकलो.

हा लांब सराव मुद्दाम संथ करायचा असतो, शेजारच्याशी बोलता बोलता पळता येईल इतका. कारण शरीराकडे मुख्यतः दोन इंधनं असतात. एक म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, तिला ग्लायकोजेन म्हणतात. ती पटकन वापरता येते, पण साठा मर्यादित. दुसरं म्हणजे चरबी. साठा भरपूर, पण ऊर्जा सावकाश मिळते. जितकं जोरात पळाल तितकी साखर लवकर संपते. संथ आणि लांब पळण्याने शरीर चरबीवर चालायला शिकतं आणि पायांना तासन् तास तग धरायची सवय होते. नेमका हाच अभ्यास मी टाळला होता.

शर्यतीच्या दिवशी माहीमच्या रेती बंदरावर अंधारात हजारो माणसं उभी होती. माझं लक्ष्य होतं २ तास २० मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटं ४० सेकंद. सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात सी लिंक आला. एरवी जिथे चालायला परवानगी नाही, तिथे आपण पळतोय, दोन्ही बाजूंना समुद्र, गार वारा. पहिले पाच किलोमीटर मी पावणेसहा मिनिटांच्या वेगाने काढले. घड्याळ सांगत होतं, तू फार जोरात चाललायस. मी म्हटलं, आज आपला दिवस आहे! खरी गोष्ट वेगळीच होती. मागून कुणी पुढे गेलं की मला ते सहन होत नव्हतं.

हाजी अली मागे पडलं आणि पेडर रोडचा चढ लागला. तिथली माणसं शर्यतीच्या दिवशी रस्त्यावर येऊन धावणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं देतात. एका आजींनी माझ्या हातात फोड ठेवली. "पळ रे बाळा, थोडंच राहिलंय!" चढ कसाबसा संपला, उतार लागला आणि उजव्या पोटरीत गोळा आला. चालत, लंगडत चौपाटीपर्यंत आलो, तेव्हा डाव्याही पायात आला. बसलो. स्वयंसेवकांनी स्प्रे मारला, पाणी दिलं. डॉक्टरांनी पाय पाहिले आणि म्हणाले, "आज इथेच थांबा." चार-साडेचार किलोमीटर उरले होते. सी लिंकवर ज्यांना मी मागे टाकलं होतं, ती माणसं माझ्यासमोरून शांतपणे पुढे चालली होती.

दहाच्या सुमाराला गावाहून बाबांचा फोन आला.

"काय रे, झाली का शर्यत पूर्ण?"

मी म्हटलं, "हो बाबा, झाली."

खूण जिथे अडकली होती

पाय चार दिवसांत बरे झाले. पण पाचचा अलार्म मी बंद केला तो दीड महिना. पळणं थांबलंच, त्याच्याबरोबर वाचनही थांबलं. शर्यतीचा आणि गीतेचा काय संबंध? काही नाही. पण मनाने निकाल लावून टाकला होता, की तू अर्धवट सोडणारा माणूस आहेस, तुझ्याच्याने नेम होत नाही. वर त्या खोट्याचं ओझं. बाबांचा फोन आला की मी घाईत असल्यासारखं बोलायचो.

एका रात्री टेबल आवरताना गीता हातात आली. खूण सहाव्या अध्यायात, ३६ व्या श्लोकावर होती. पान उघडलं आणि समोर ३७ वा. अर्जुनाचा तोच प्रश्न. दीड महिना मी त्याच्या एक श्लोक अलीकडे थांबलो होतो!

आता भगवंतांचं उत्तर बघा. ४० व्या श्लोकात ते सांगतात की अशा माणसाचा नाश ना इथे होतो, ना परलोकात. चांगलं काही करायला निघालेल्या कुणाचीही दुर्गती होत नाही. आणि हे सांगताना ते अर्जुनाला "तात" म्हणतात. तात म्हणजे खरं तर वडील. शंकराचार्य भाष्यात समजावतात की बापच मुलाच्या रूपाने विस्तारतो, म्हणून मुलालाही तात म्हणतात, आणि शिष्य हा मुलासारखाच. म्हणजे ज्या जागी अर्जुन सगळ्यात घाबरलेला आहे, नेमकं तिथे भगवंत त्याला "बाळा" म्हणतात.

हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांना फोन करून खरं सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, मी काय तुझं मेडल बघायला फोन केला होता का? पाय ठीक आहेत ना, ते विचारायला केला होता."

मला काही बोलवेना. मग तेच म्हणाले, "माझी पहिली वारी तरी कुठे पूर्ण झाली होती!"

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले, फलटणपर्यंत पोचले आणि तिथे ताप आला, तळपाय फोडांनी भरलेले. दिंडीतल्या लोकांनी एसटीत बसवून घरी पाठवलं.

"मग?"

"मग काय? पुढच्या वर्षी रजा कमी होती. एसटीने थेट फलटणला गेलो आणि तिथून पुढं चाललो. पांडुरंग काय हजेरी घेतोय का, कुठून निघालास म्हणून?"

मागचं वाया जात नाही

बाबांनी गीता फारशी वाचलेली नाही. पण ४३ व्या श्लोकाचं याहून सोपं निरूपण मला आजवर मिळालेलं नाही. भगवंत म्हणतात, योगातून ढळलेल्या माणसाला पुढच्या जन्मी आधी कमावलेली बुद्धी परत मिळते आणि तो तिथून पुढे प्रयत्न करतो. ४४ व्या श्लोकात तर ते म्हणतात की आधीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो, त्याची इच्छा असो वा नसो.

भगवंत जन्मांची भाषा बोलतात. पण या नियमाची छोटीशी प्रचिती याच जन्मात, याच पायांमध्ये येते. सराव थांबला की दम कमी होतो, ताकद उतरते, हे खरं. पण परत सुरू केलं की गेलेली ताकद पहिल्या वेळेपेक्षा लवकर येते. याला मसल मेमरी म्हणतात. आपल्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर रिलीज फसलं तरी आधीचे कमिट पुसले जात नाहीत. रेपो रिकामा होत नाही.

मात्र याचा अर्थ "चालतंय, सोडून दिलं तरी काय बिघडतं" असा घेऊ नका. आपण ढळलो का, हे बघायलाच हवं. माझं उत्तर याच अध्यायात, १६ आणि १७ व्या श्लोकांत होतं. फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. तिथला शब्द आहे "युक्त", म्हणजे बेताचं, मापाचं. मी बुडालो ते सी लिंकवर. पेडर रोडवर फक्त बिल आलं.

साधनेतही हेच होतं ना? कीर्तन ऐकून भारावतो आणि सोमवारपासून रोज सोळा माळा, वर तासभर ध्यान. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकतो आणि मग सगळंच सुटतं. जोरात सुरुवात करणारा आणि एका चुकीने सगळं सोडून देणारा, हे दोघे वेगळे नाहीत. दोघांनाही आपण कसे दिसतो याचीच काळजी जास्त. सुरुवातीला हळू जायची लाज आणि पडल्यावर उठायची लाज, दोन्हींचं मूळ अहंकारातच.

या जानेवारीत मी परत तीच शर्यत पळालो. या वेळी "बस" पकडली. ठरावीक वेळेचा झेंडा घेऊन पळणारा पेसर आणि त्याच्यामागचा घोळका, याला आमच्यात बस म्हणतात. अडीच तासांची बस होती. पहिला किलोमीटर पेसर इतका संथ पळाला की मला कसंतरीच झालं. माणसं भराभर पुढे जात होती. तो फक्त म्हणत होता, "जाऊ द्या त्यांना." दिंडी काय आणि सत्संग काय, तेच तर करतात, आपल्याला आपल्या मापात ठेवतात. पेडर रोडवर बस सुटली, मी तो चढ चालत चढलो. चौपाटीजवळच्या त्या फुटपाथला लांबूनच हात जोडले. सीएसएमटीजवळ पोचलो तेव्हा २ तास ३७ मिनिटं झाली होती.

बाबांना फोन केला. त्यांनी वेळ विचारलीच नाही. "पाय ठीक आहेत ना?"

आजचा अभ्यास

तुमची कुठली तरी खूण कुठल्या तरी पानावर अडकलेली असेल. हरिपाठ, जप, पारायण, व्यायाम, काहीही. आज एवढंच करा :

१. ती जागा शोधा. पहिल्या पानापासून नको, जिथे थांबलात तिथूनच सुरू करा.

२. आधी जेवढं करत होतात त्याच्या निम्मंच ठरवा. हळू वाटलं तर उत्तम, माप बरोबर आहे.

३. अर्धवट राहिलं म्हणून कुणाशी खोटं बोलला असाल, तर त्या एका माणसाला खरं सांगा. हे सगळ्यात जड आहे. पण माझी गाडी इथूनच सुटली.

प्रार्थना

हे पांडुरंगा, आम्ही अर्ध्या वाटेवर बसलेली लेकरं आहोत. आमचा वेग बघू नकोस, आमचे पाय बघ. उठायची लाज वाटते, तेवढी काढून घे आणि जिथे थांबलो तिथून पुढे ने.

उद्या ४६ आणि ४७ वा श्लोक वाचू, म्हणजे सहावा अध्याय पूर्ण होईल.

राम कृष्ण हरी 🙏