समुद्रकाठचे घर

ज्या खिडकीतून समुद्राचे दर्शन घडते, त्या घराची किंमत गावातील इतर घरांपेक्षा नेहमीच चढी असते. परंतु जो ग्राहक केवळ खिडकी पाहून इसार देतो, त्याने अर्धेच घर पाहिले असे म्हटले पाहिजे. उरलेले अर्धे वाळूत, विहिरीत आणि भिंतीच्या पोटात दडलेले असते. पुदुच्चेरीचे उदाहरण घेऊन हे आपण समजून घेऊ.

कोरोमंडल किनाऱ्यावरील हे नगर फ्रेंच अमलाखाली वाढले. सरळ रस्ते, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती व समुद्राला लागून फिरण्याचा रस्ता ही त्याची शोभा. ह्या रस्त्यापुढे पूर्वी रुंद पुळण होती. ती गेली कोठे?

लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात. त्यांच्याबरोबर वाळूचा कण तिरपा वर चढतो आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर सरळ खाली उतरतो. अशा नागमोडी चालीने वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सतत प्रवास करीत असते. ह्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती उत्तरेकडे जाते, तर ईशान्य वाऱ्यांच्या काळात काही अंशी परत फिरते; वर्षाचा हिशेब केला तर उत्तरेकडची चालच अधिक. १९८० नंतरच्या दशकात शहराच्या दक्षिणेस बंदरासाठी लाटरोधक बांध घातले गेले आणि ह्या प्रवासाची वाट अडली. बांधाच्या दक्षिणेस वाळूचे ढीग साचले, उत्तरेस पुळण उपाशी राहिली व झिजत गेली. रस्ता वाचविण्यासाठी मोठमोठे दगड रचावे लागले. दगड रस्ता राखतात, वाळू निर्माण करीत नाहीत. आणि झीज तेवढी पुढच्या कोळीवाड्यांकडे सरकते. २०१८ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्रात एक बुडीत पोलादी बांध बसविला, तेव्हा पुळण पुन्हा धरू लागली. म्हणून घर पाहण्याआधी ते जवळच्या बांधाच्या कोणत्या बाजूस आहे, हे पाहावे.

आता विहीर. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे किनाऱ्याच्या जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्याच्या सुमारे १.०२५ पट आहे. ह्यावरून असा हिशेब निघतो की, समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. ह्यास घायबेन-हर्झबर्ग नियम म्हणतात. नियमाची दुसरी बाजू मात्र कठोर आहे : उपशाने पातळी १ मीटर उतरली, तर खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर चढू शकते. एखाद्याच्या पंपाने साऱ्या आळीच्या विहिरी मचूळ होतात, त्या अशा. पुदुच्चेरीचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्यानंतर पाणी गोड लागले तर नवल नाही; चव पाहावी ती कडक उन्हाळ्यात.

भिंतींविषयी थोडे. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील सळईवर एक संरक्षक पापुद्रा असतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड आत झिरपून तो मोडते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो व काँक्रीटला आतून फोडतो. म्हणूनच भारतीय मानक ४५६ च्या २०००च्या आवृत्तीने सौम्य हवामानात सळईवर २० मिलिमीटर, तर किनारी हवेत ४५ मिलिमीटर आवरण सांगितले. छतावर सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसले किंवा ठोकल्यावर पोकळ नाद आला, तर सावध व्हावे. एकट्या छतालाच नवा रंग दिलेला दिसला, तर अधिकच! जुन्या चुन्याच्या जाड भिंती ओल बाहेर टाकू शकतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढविणे म्हणजे ती ओल आत कोंडणे.

शेवटी कागदपत्रे. किनाऱ्यावरील बांधकामाचे नियम १९९१ मध्ये प्रथम जारी झाले, २०११ व २०१९ मध्ये ते बदलले. कोचीजवळच्या मरडू येथे खाजणाकाठी उभ्या असलेल्या चार उंच इमारतसमूहांनी ह्या नियमांचा भंग केल्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या आदेशानुसार ११ व १२ जानेवारी २०२० रोजी त्या सुरुंगांनी पाडण्यात आल्या. स्थानिक परवाने त्यांना मिळालेले होते, आणि रहिवाशांनी रीतसर पैसे मोजले होते. तेव्हा परवान्याच्या प्रतीवर न थांबता किनारी क्षेत्राचा मान्य नकाशा मागावा आणि त्यावर भरतीची उच्च रेषा आपल्या भूमापन क्रमांकापासून किती दूर पडते, ते मोजून घ्यावे. ही रेषा विक्रेत्याने पावलांनी दाखवायची नसते. ती अधिकृत संस्थेने आखलेली असावी लागते.